नाव तुझं, धपाटा माझा

शकू,

तुझ्या प्रार्थनासभेत मी दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीवर बसले होते. नोएडाच्या तुमच्या सोसायटीचा हॉल भरला होता आणि एकेक जण माईकपाशी जाऊन बोलत होता. पहिला उंच, टक्कल पडू लागलेला गृहस्थ म्हणाला, "मैं विदीप. नाम आंटी ने रखा था." विद्या आणि दीपक, मी मनात म्हटलं, आपल्या मागच्या ब्लॉकमधले. मग एक बाई उठली. "गीतीशा. मेरा भी." गीता आणि सतीश. मग आणखी एक, आणखी एक. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना लोक त्याचे गुण सांगतात. तुझ्या सभेत लोक स्वतःचं नाव सांगून खाली बसत होते आणि तेवढ्यानं भागत होतं.

मी उठले नाही. सगळ्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. एकतीस वर्षं मी दिल्लीतल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, लाल शाईनं किती शब्द दुरुस्त केले त्याला गणती नाही, आणि त्या हॉलमध्ये माझा एकही शब्द दोन पायांवर चालत नव्हता. तुझे चालत होते. चष्मे लावून, गुडघे धरून, मुलं कडेवर घेऊन.

म्हणून लिहायला बसले आहे. लिहिते तुला, पण याची प्रत माझ्या तिन्ही नातवंडांना जाणार आहे, तीन देशांत. त्यांच्यासाठी मधूनमधून काही गोष्टी उलगडून सांगाव्या लागतील. तू ऐकून घे. मी असं काही समजावायला लागले की तू म्हणायचीस, "मास्तरीणबाईंनी फळा काढला."

आधी काय घडलं आहे ते सांगते. सिमोलला, माझ्या अमोलच्या मुलीला, आणि तिच्या नवऱ्याला, यानला, बाळ होणार आहे. तिचा फोन आला तेव्हा तू अजून या जगात होतीस. "आजी, अभी किसीको बताना मत," ती म्हणाली, "पण मुलगी आहे, आणि तुझ्यासाठी एक काम आहे. माझं नाव तू बनवलंस ना, मग हिचंपण तूच बनव. सेम तसंच. थोडं माझं, थोडं यानचं. छोटंसं. दुसऱ्या कोणाचं नसेल असं."

मी म्हटलं, "बनवते की."

सिमोल हे नाव मी बनवलेलं नाही. ही गोष्ट जगात दोघींना माहीत होती. आता एकटीला माहीत आहे.

मुलांनो, आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे मराठी घरं बरीच होती, पण आत्या एकही नव्हती. सगळ्यांच्या नणंदा साताऱ्याला नाहीतर अमरावतीला. कोणाला रजा नाही, कोणाला रिझर्व्हेशन नाही. अशाच एका बारशाला पाळणा सजला, बायका जमल्या, आणि नाव कोण सांगणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तेव्हा वरच्या मजल्यावरची शकू ओल्या हातांनीच पुढे झाली. "मी होते आत्या. त्यात काय? माझा एक भाऊ वाढला." त्या दिवसापासून ती कॉलनीची आत्या झाली.

नावं जोडायची युक्तीही तुझीच, शकू. आईच्या नावाचा एक तुकडा, बापाच्या नावाचा एक तुकडा. कारण विचारलं तर म्हणालीस, "दोन्हीकडच्या आज्या गावाहून पत्रं पाठवतात, अमक्या देवाचं ठेवा, तमक्या आजोबांचं ठेवा. आता दोघींना उत्तर एकच. तुझ्या लेकाचं अर्धं, तुझ्या लेकीचं अर्धं. भांडा आता."

तुझी पद्धत मी इतक्या वेळा पाहिली आहे की डोळे मिटून सांगेन. मटार सोलता सोलता तू दोन्ही नावं तोंडात घोळवायचीस, सुपारी घोळवावी तशी. मग शेंगा बाजूला ठेवून बाल्कनीत जायचीस. ओठांशी हात धरायचीस, आणि समोरच्या पार्कच्या पलीकडे झोपाळ्यापाशी मूल खेळतंय आणि घरात दूध गार होतंय, असं समजून हाक मारायचीस. "ए गीतीशाऽ, चल घरी." पार्क रिकामा असायचा. हाक मध्येच मोडली तर नाव बाद. लांब गेली तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं खालच्या माणसाचं. कडुनिंबाखाली इस्त्रीची टपरी होती, तिथली बाई मान वर करून विचारायची, "कौन गीतीशा, दीदी? नई आई है?" तिनं नाव न अडखळता परत म्हटलं की ते पक्कं.

"आने वाली है," तू वरून सांगायचीस, आणि पुन्हा मटार.

मी हे तुझ्याकडे बघत उभी राहायचे आणि मला ते पटायचं नाही. नाव म्हणजे काय भाजीवाल्याला मारायची हाक आहे? नावाला अर्थ हवा, धातू हवा, शब्दकोशात त्याचं घर हवं. माझ्याकडे त्यासाठी एक रजिस्टर होतं, अजून आहे, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं. डाव्या रकान्यात शब्द, मधल्यात मूळ, उजव्यात अर्थ. त्या रजिस्टरातलं एकही नाव कुणाला ठेवलं गेलं नाही. तुझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.

आणि ते धपाटे. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, अशी रीत आहे. सगळ्याजणी लटके घालायच्या. माझा जरा जोरात बसायचा. मी ते मुद्दाम करत होते की नाही, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तू एकदा पाठ चोळत म्हणालीस, "नलूचा मला न बघता ओळखू येतो." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग तो काळ आला जेव्हा दिल्लीभोवती जो तो काहीतरी नवीन काढायला लागला आणि प्रत्येकाला नाव हवं झालं. सरकारी नोकरीच्या परीक्षांची पुस्तकं बाजूला ठेवून मुलं कंपन्या काढू लागली. यमुनेपलीकडे शेतं होती तिथे सोसायट्या आल्या. तुम्ही नोएडात फ्लॅट घेतलात, आम्ही फरीदाबादला. तुला आठवतं, नोएडा हे नाव म्हणजे एका लांबलचक इंग्रजी सरकारी नावातल्या शब्दांची पहिली अक्षरं आहेत, हे मी तुला मोठ्या उत्साहानं समजावलं होतं? तू ऐकलंस आणि म्हणालीस, "ज्यानं केलं त्यानं गच्चीवर जाऊन एकदा ओरडून बघितलं असणार. नोएडाऽ. बघ, बसच्या कंडक्टरलासुद्धा जमतं." माझ्या समजावण्यातलं तू एवढंच घेतलंस. पण त्यानंतर बसस्टॉपवर कंडक्टर ओरडला की मला तूच आठवायला लागलीस, आणि त्याचाही राग यायचा.

आपण अजून क्वार्टर्समध्येच राहत होतो तेव्हा ह्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राचा मुलगा पानिपतहून सतरंज्या आणि चादरी परदेशी पाठवायला लागला होता. त्याला कंपनीसाठी नाव हवं होतं आणि तो आला होता माझ्याकडे, कारण मी इंग्रजीची. हे महत्त्वाचं आहे, शकू. तो माझ्याकडे आला होता. मी आठवडाभर खपून अकरा नावं टाइप केली. प्रत्येकात इंटरनॅशनल नाहीतर ओव्हरसीज होतं. तो ती वाचत बसला होता आणि तू नेमकी आमचा डबा परत द्यायला आलीस. दारातच उभी राहून तू त्याला विचारलंस, "बेटा, माल कहाँ से लाते हो?"

"पानिपत से, आंटी."

"काहे का?"

"सूत का. सब सूत का काम है."

"पानसूत," तू म्हणालीस, आणि चपला न काढता आमच्या बाल्कनीत गेलीस. "पानसूऽत." खाली स्कूटरला किक मारणारा एक माणूस थांबून वर बघायला लागला. "पानसूत? यहाँ नहीं है, बहनजी. आगे मार्केट में पूछिए."

तो मुलगा हसला. माझी यादी त्यानं चार घड्या घालून, कडा नीट जुळवून खिशात ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. इतक्या काळजीनं घडी घातलेला कागद पुन्हा उघडला जात नाही, हे मला शिक्षिका म्हणून माहीत होतं. हे वर्तमानपत्र न खाली ठेवता म्हणाले, "शकूताईंना आधीच विचारायला हवं होतं." पुढे आमच्या घरात ते वाक्य पक्कं झालं. फ्लॅटला नाव, शकूताईंना विचार. मुलीच्या शिवणाच्या दुकानाला नाव, शकूताईंना विचार. कुत्र्याला नाव, शकूताईंना विचार. कुत्र्याचं मी विचारलं नाही. त्याचं नाव मी ठेवलं होतं, आणि हाक मारली तर तो कधी यायचा नाही.

मुलांनो, आता सिमोलच्या बारशाकडे येते.

अमोलनं सिमरनशी लग्न केलं. ती पंजाबी, घरची मोकळी, हसरी. मुलगी झाली तेव्हा खरी आत्या, म्हणजे माझी मुलगी, परदेशात होती आणि तिला येता येईना. म्हणजे पुन्हा शकू. मी तुला फरीदाबादला आठवडाभर आधीच बोलावलं आणि चहा पुढे ठेवून स्पष्ट सांगितलं, "या वेळी नाव मी ठरवणार. तू फक्त कानात सांगायचंस."

"चालेल की," तू म्हणालीस. तुला खरंच चालणार होतं, हेच तर.

मी तक्ता केला होता. अमोलची अक्षरं उभी, सिमरनची आडवी, प्रत्येक चौकटीत एक जोड. त्यातलं मी निवडलेलं नाव वेगळ्या कागदावर, टाइपरायटरवर, इंग्रजी अक्षरांत. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. पाच अक्षरं, दोन्ही टोकांना स्वर. तू चष्मा लावलास आणि त्यावर बोट ठेवून सावकाश वाचलंस. "अमोसी."

मग चष्मा काढलास. "नलू, ही तर अमोशा, अवस झाली गं. सून पंजाबी आहे, तिला कळणार नाही. पण तुझी सासू वरून ऐकते आहे."

मी ते नाव तोपर्यंत एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आठवडाभर नुसतं बघत होते. पण हे कबूल करायचं सोडून मी म्हटलं, "मग तूच सांग. तुला काय, मटार सोलता सोलता सुचतं."

तू रागावली नाहीस. तक्त्याकडे बघितलंसही नाहीस. चौथ्या मजल्याच्या त्या बाल्कनीत गेलीस, वाळत घातलेली दुपटी बाजूला केलीस. "सिमरन... अमोल... सिम..." आणि ओठांशी हात धरून, "सिमोऽल, चल घरी."

खालून इस्त्रीवाला म्हणाला, "कौन सिमोल, माताजी?"

मी आत टेबलाशी होते. मला ते नाव त्याच क्षणी आवडलं. इतकं आवडलं की मी कागद उलटा करून ठेवला आणि चहा गार झाला म्हणून तुझ्यावर चिडले.

बारशाच्या दिवशी तू बाळाच्या कानाशी वाकलीस आणि नाव सांगितलंस. बायकांनी धपाटे घातले, मीही. सिमरनच्या आईनं गालावर हात ठेवला. "हाय, कितना सोहणा नाम. किसने सोचा जी?"

तू अजून पाळण्यावर वाकलेलीच होतीस. तशीच, मान न वळवता म्हणालीस, "दादी ने. इंग्लिश में एम.ए. है जी, और किसको सूझेगा."

मग उभी राहिलीस, माझ्याकडे वळलीस आणि माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातलास. "नाव तुझं, मग धपाटाही तुझा." इतक्या वर्षांचे सगळे त्यात होते. बायका हसून हसून वाकल्या. अमोल दारातून म्हणाला, "आई, तू बनवलंस? मस्त आहे."

मी म्हटलं, "जमलं खरं."

दोन शब्द, शकू. मी त्यावर बरेचदा विचार केला आहे. तिथे "नाही रे, शकूमावशीनं" म्हणायला किती श्वास लागला असता? तू दिलंस, मी घेतलं, आणि दिल्याबद्दल तुला माफ केलं नाही. हिसकावून घेतलेल्या वस्तूवर निदान आपल्या हाताची पकड तरी असते. ही तू ओंजळीत टाकलीस, फुटाणे टाकावे तशी, आणि घुगऱ्या वाढायला निघून गेलीस.

त्यानंतर मी त्या खोट्याला रकाने पाडले. सिमोल तिसरीत असताना शाळेतून विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय. ती पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. मी तिला निळं रजिस्टर उघडून सांगितलं, सीमा अधिक अमोल, जिची सीमा मोलात मोजता येत नाही ती. शिक्षिकेनं शेजारी तारा काढला. तो कागद तिनं तुलाही दाखवला होता. तू तो पूर्ण वाचलास, घडी घालून तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "आजीनं छान लिहिलंय." मी तुझ्या आवाजात टोमणा शोधला. तो सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिला खेळायला पाठवून मग आपण भांडलो, पण दुसऱ्याच गोष्टीवर. मी म्हटलं, अर्थ नसलेलं नाव म्हणजे रिकामं भांडं. तू म्हणालीस, "मग? रिकामंच द्यायचं असतं. भरेल की तिचं ती. तू आधीच भात घालून देतेस." मी म्हटलं, मुलाला काहीतरी देऊन पाठवावं लागतं. तू म्हणालीस, "हाक दिली की पुरे." तेवढ्यात तुझी बस यायची वेळ झाली. त्या भांडणाला मी पुढे कितीतरी उत्तरं तयार केली. चांगली होती. तुला सांगायची राहिली.

आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात अवघड आहे.

सिमोलचा फोन आल्यावर मी चार दिवस तक्ते केले. काही जमेना. पाचव्या दिवशी मी मेट्रो बदलत बदलत नोएडाला आले, ते सहज म्हणून नाही. मी तुझ्याकडून नाव घ्यायला आले होते. पुन्हा एकदा, गुपचूप. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस, बारीक झाली होतीस, पण सुनेला स्वयंपाकाच्या सूचना चालू होत्या. मी हाताला काम हवं म्हणून भेंडी चिरायला घेतली. आपण ह्यांच्याबद्दल बोललो, तुझ्या गुडघ्यांबद्दल, लक्ष्मीबाई नगरची जुनी क्वार्टर्स पाडली त्याबद्दल. मग तू विचारलंस, "सिमोल कशी आहे? काही विशेष?"

माझ्या हातात सुरी होती. मी खाली बघून म्हटलं, "विशेष काही नाही. मजेत आहे."

सिमोल, तू कोणाला सांगू नकोस म्हणाली होतीस हे खरं, पण मी गप्प राहिले ते त्यासाठी नाही. मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. शकू उठून बसणार, डोळे लकाकणार, ही बातमी तिची होणार. यानचं नाव दोनदा म्हणेल, मला हात धरून बाल्कनीत न्यायला लावेल, एक हाक मारेल, आणि ते झालेलं असेल. चार दिवसांचे माझे तक्ते पिशवीत तसेच. मी पुन्हा कोणीतरी दिलेलं ओंजळीत घेऊन घरी जाणार. मला ते सहन होईना. म्हणून मी तुझी पणती तुझ्यापासून लपवली. हो, पणतीच. आत्या म्हणून तू त्या पोरीला नाव दिलंस, तेव्हा तिचं मूल तुझं कोणीतरी लागतंच.

तू म्हणालीस, "बरं. तिला म्हणावं, आत्येआजी विचारत होती." मी भेंडी चिरत राहिले.

त्यानंतर नवव्या दिवशी तुझ्या सुनेचा फोन आला.

सभेनंतर मी तिला बाजूला घेतलं आणि न राहवून विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही म्हणायची का गं?" मला काय ऐकायचं होतं? की तुलाही कुठेतरी खुपत होतं. माझी पदवी, माझं इंग्रजी, माझं रजिस्टर. इतक्या वर्षांत एकदा तरी तुला माझा हेवा वाटला असेल, तर हिशोब नव्हे, पण निदान सोबत झाली असती. तिनं विचार करून सांगितलं, "हो, मावशी. तुम्ही गेलात ना त्या दिवशी, तेव्हा म्हणाल्या, नलू भेंडी फार बारीक चिरते. गिळगिळीत होते."

एवढंच. मला हसू आलं आणि मग रडू आलं, त्या क्रमानं.

तर सिमोल, तुझं नाव शकूआजीनं केलं, फरीदाबादच्या बाल्कनीत, दुपटी बाजूला सारून. सीमा वगैरे सगळं मी नंतर घुसवलेलं आहे. तारा परत देता येत नाही, पण शिक्षिकेनं तो चुकीच्या उत्तराला दिला होता. आणि तुझं बाळ येणार आहे हे तिला मी कळू दिलं नाही. तुला माझा राग आला तर तो बरोबर आहे. इतर दोघांनीही हे वाचावं, म्हणजे आजीनं शुद्धलेखनाखेरीज आणखी काय काय केलं आहे ते कळेल.

आणि शकू, तुझ्यासाठी एक शेवटची गोष्ट.

काल संध्याकाळी, ऊन उतरत असताना, मी रजिस्टर मिटलं. तेरा पानं भरली होती. सिमोल आणि यान, यान आणि सिमोल, उभे, आडवे, तिरके. एकही नाव मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मी चष्मासुद्धा टेबलावर ठेवला आणि बाल्कनीत गेले. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. मला फार लाज वाटत होती. माझा आवाज वर्गातला आहे, मागच्या बाकापर्यंत जातो आणि थांबतो. मी दोन्ही नावं तोंडात घोळवली. सुपारीसारखी जमली नाहीत, गोळीसारखी कडू लागली. एक तुकडा पडला, मग दुसरा. ओठांशी हात धरून हाक मारली. मध्येच मोडली. दुसरी फाटकाच्या अलीकडे पडली. शेजारच्या टीव्हीचा आवाज कमी झाला. म्हणजे ऐकत होते. मला वाटलं, आत जावं.

मग मी झोपाळ्याचा विचार केला, आणि गार होणाऱ्या दुधाचा.

ते नाव मी इथे लिहीत नाही. बारशाआधी नाव फोडायचं नसतं, आणि कागदावर उतरवलं तर मी ते तपासायला लागेन. सिमोलला फोनवर ऐकवेन. तिला आवडलं नाही तर तिनं स्वतः खिडकी उघडून हाक मारून बघावी, तिथल्या थंडीत. मला एवढंच माहीत आहे की या वेळी हाक पार्किंगवरून गेली, फाटकापर्यंत गेली, आणि तिथे खुर्चीवर बसलेल्या गार्डनं मान वर केली. त्यानं कपाळावर हात धरून मला शोधलं आणि ते नाव परत म्हटलं, एकही अक्षर न अडखळता.

"ये कौन हैं, माताजी? कोई नई आई हैं?"

तुला हे ऐकू यायला हवं होतं, शकू. तुझं कौतुक नको होतं मला. तुझ्या कपाळावर हेव्याची एक बारीकशी आठी हवी होती.

"आने वाली है," मी वरून सांगितलं, आणि दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठ जराशी वाकवून उभी राहिले.